नऊ टॅबवरचं शून्य

आमच्या शाळेत टॅब आले तेव्हा ते ठेवायला कोरडी जागा नव्हती. समुद्र शाळेपासून हाकेवर आहे. खारी हवा कपाटाच्या बिजागऱ्या दोन वर्षांत खाऊन टाकते आणि पावसाळ्यात डब्यातले खडूसुद्धा ओले होतात. गुरुजी सगळ्या शाळेत हिंडले आणि शेवटी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, तुमचा तांदूळ कसा काय कोरडा राहतो?"

"पिंप चुलीच्या बाजूला हाय ना, म्हणून."

असे ते नऊ टॅब माझ्याकडे आले. मी जुन्या सुती लुगड्याचे तुकडे केले, एकेक टॅब गुंडाळला आणि तांदळाच्या पिंपात वरच्या थरात ठेवून दिला. आम्ही वालाचं बियाणं राखेत ठेवतो, तसंच. वर्ग सुरू झाला की मुलं येऊन टॅब घेऊन जायची, सुटला की परत आणून द्यायची. कधी कधी टॅबच्या फटीतून तांदळाचा दाणा पडायचा. गुरुजी म्हणायचे, आमच्या शाळेचे टॅब जेवलेले असतात.

मी या शाळेत मुलांचं जेवण शिजवते. मी शिकले तीही हीच शाळा. तेव्हा ती चौथीपर्यंतच होती आणि पाचवीला खाडीपलीकडे जावं लागायचं. माझ्याबरोबरीच्या मुली गेल्या नाहीत, मीही गेले नाही. आता इथे पाचवी आहे, पण मुलं सगळी मिळून चौदा. त्यातली नऊ तिसरी ते पाचवीची, म्हणून टॅब नऊ. प्रत्येक टॅबच्या पाठीवर गुरुजींनी चिकटपट्टी लावून मुलाचं नाव लिहिलं होतं. भिंतीवर एक कागदही लावला होता, की विद्यार्थ्यांशिवाय कोणीही टॅब हाताळू नये. तालुक्याहून तसं सांगितलं होतं. कागदावरचं अक्षर गुरुजींचंच होतं, वळणदार.

गुरुजींचं घर माणगावच्या आतल्या बाजूला. मे महिन्याची सुट्टी लागली की ते घरी जातात. त्या वर्षी निघताना त्यांनी मला किल्ली दिली.

"टॅब दीड महिना नुसते पडून राहिले तर बॅटरी मरेल. दुपारी येऊन चार्जिंगला लावत जा, चालू करा, बंद करा. एवढं कराल?"

"व्हय."

"त्या कागदाचं मनावर घेऊ नका. मीच सांगतोय."

पहिले तीन-चार दिवस मी तेवढंच केलं. घरी तरी कोण होतं? नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, पंधरा दिवसांनी एकदा येतो. मुलगी लग्न होऊन गेली. दुपारी शाळेत वारा छान येतो. पाचव्या दिवशी टॅब बंद करताना बोट कुठेतरी लागलं आणि आतून एका बाईचा आवाज आला. तिने गणित घातलं. मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. मी उत्तर दिलं. हिरवी खूण आली आणि ती बाई म्हणाली, शाब्बास.

मला चारचौघांत बोलता येत नाही. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना, शेवटी नणंदेने माझ्या वतीने घेतला आणि सगळा मांडव हसला. पण टॅबपुढे लाजायचं कारण नव्हतं. तो बघत नाही असं मला वाटायचं. मी पुढचं गणित केलं, मग त्याच्या पुढचं.

एका टॅबवर धडा झाला आणि बाकीचे आठ नुसते उघडून मिटले, तेव्हा मात्र मला चैन पडेना. पाठीवर मुलांची नावं होती. एकाच्याच पानात वाढून बाकीच्या आठांना कोरडं उठवल्यासारखं वाटलं. म्हणून मी आठांवरही धडा केला. रोज तसंच. पंगतीत जशी ओळीने जाते तशी जायचे, तिसरीपासून सुरुवात, पाचवीला शेवट. प्रत्येकावर दहा-बारा मिनिटं. दुपार कशी जायची कळायचं नाही. एकच गोष्ट नऊ वेळा केल्यावर ती डोक्यात चांगली बसते हेही मला तेव्हाच समजलं.

फक्त भागाकाराला माझं आणि टॅबचं पटेना. पंचवीस लाडू सहा मुलांना सारखे वाटले, प्रत्येकाला किती आणि उरले किती, असं तो विचारायचा. प्रत्येकाला चार, हे मला लगेच यायचं. उरले किती, तिथे मी शून्य टाकायचे. लाल फुली यायची. खाली तो बरोबर उत्तर दाखवायचा, एक. मला ते वाचता येत होतं, पण पटत नव्हतं. इतकी वर्षं मी मुलांना वाढते आहे, माझ्या हातून लाडू कधी उरला नाही. एक जास्त असला तर तो सगळ्यात बारक्याला. दोन असले तर एक बारक्याला आणि एक जो आजारातून उठलाय त्याला. टॅबला वाढायचं नसतं, म्हणून त्याच्याकडे उरतं. असं म्हणून मी नऊच्या नऊ टॅबवर शून्य टाकत राहिले, सुट्टी संपेपर्यंत.

गुरुजी परत आले, टॅब सगळे चालू बघितले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचे उपकार आहेत." मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही.

दिवाळीनंतर मुंबईच्या विद्यापीठातून एक मॅडम आल्या. शाळांना टॅब देतात, पण ते खरंच वापरले जातात का, याचा त्या अभ्यास करत होत्या. किनाऱ्यावरच्या काही शाळा त्यांनी निवडल्या होत्या, त्यात आमची एक. वयाने माझ्या मुलीएवढ्या. काशीदला राहायची सोय आहे, पण ती पर्यटकांची, म्हणून गुरुजींनी मला विचारलं आणि त्या चार दिवस माझ्या घरी राहिल्या.

त्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. मांडीवर वही, मनगटावर घड्याळ. दर पाच मिनिटांनी मान वर करून प्रत्येक मूल काय करतंय ते लिहायच्या. एक टॅबवर, एक खिडकीतून बाहेर, एक शेजाऱ्याच्या टॅबवर. काही न करता बसायचं आणि दुसरे काय करतात ते लिहायचं, हे काम असतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मी नळावर बसून हेच करते की. मला कोण पगार देत न्हाय."

मॅडम मला आवडल्या. सुकटीची चटणी मागून मागून खायच्या आणि मग नाकातून पाणी काढत बसायच्या. भाकरी थापायला शिकल्या, तिची एक कड काशीदला आणि दुसरी मुरुडला जायची. मला मावशी म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओटीवर बसून त्यांनी मलाही प्रश्न विचारले, कारण शाळेतल्या सगळ्यांना विचारायचं होतं.

"मुलं टॅब वापरतात का, मावशी?"

"व्हय."

"कंटाळतात?"

"न्हाय."

"तुम्ही कधी हातात घेता का?"

"न्हाय," मी म्हणाले.

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. भिंतीवरचा कागद डोळ्यांपुढे आला असेल. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गाच्या खिडकीखाली पातेली घासत होते. आत मॅडमनी टॅब एकेक करून आपल्या लॅपटॉपला जोडले होते. टॅबमध्ये कोणी कधी काय उघडलं, किती वेळ थांबलं, कुठे चुकलं, सगळं उमटून राहतं. ओल्या रेतीवरून खेकडा गेला की त्याची नक्षी उमटते तसं. हे मला त्या दिवशी कळलं.

"गुरुजी, मे महिन्यात शाळा बंद होती ना?" मॅडम म्हणाल्या.

"हो, बंद होती."

"मग हे टॅब रोज दुपारी चाललेत. नऊच्या नऊ, एकापाठोपाठ एक. मुलं येत होती का?"

"नाही."

"आणि चुका बघा. उरले किती, तर शून्य. सगळ्या टॅबवर, प्रत्येक वेळी. नऊ मुलं एकच चूक इतके दिवस नाही करत. हे एकाच माणसाने केलंय."

पातेल्यावरची माझी राख तशीच राहिली. मी मान वर केली तर गुरुजी खिडकीकडे बघत होते. आमची नजर भेटली आणि त्यांना समजलं ते मला समजलं. त्यांनी नजर काढून घेतली.

"टॅब माझ्या ताब्यात होते," ते म्हणाले. "जबाबदारी माझी."

"वापर जास्त दिसावा म्हणून तुम्ही केलंत का?"

"जबाबदारी माझी आहे, एवढंच म्हणतो मी."

"मला हे लिहावं लागेल. तालुक्यालाही कळवावं लागेल. अभ्यासाची परवानगी त्यांनीच दिली आहे."

"लिहा," गुरुजी म्हणाले आणि घंटा द्यायला बाहेर आले.

गुरुजींच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सगळी नोकरी त्यांनी याच किनाऱ्यावर केली. मूल गैरहजर असलं तर ते हजेरीत हजर मांडत नाहीत, यावरून एकदा वरच्या साहेबांशी त्यांचं वाजलं होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. त्या माणसाच्या नावापुढे आता खोटे आकडे भरले असं लागणार होतं, आणि ते आकडे माझे होते. मला वाचवायला ते गप्प बसले होते. कागदावरचा नियम मी मोडला म्हटल्यावर माझं काम पहिलं गेलं असतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो, मधे बोलत नाही. शेवटी म्हणाला, "हितं ट्रेलरला पण यंत्र लावलंय. वाटेत चहाला कुठं थांबलो ते शेटला हाफिसात बसून दिसतं. आन तुला वाटलं तो टॅब मुका हाय?"

"आता काय करू?"

"बोललीस तर तुझं काम जाईल."

"आन न्हाय बोलले तर?"

"तर गुरुजींचं नाव जाईल. काम दुसरं मिळतं, नाव न्हाय मिळत." मग जरा थांबून म्हणाला, "पण तू बोलणार कशी, ते सांग. चार माणसं बघितली की तुझं तोंड शिवलं जातं."

मॅडम जेवायला बसल्या तेव्हा सुद्धा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "मला फार वाईट वाटतंय, मावशी," त्या म्हणाल्या. "इतक्या शाळा बघितल्या, हे गुरुजी मला सगळ्यात खरे वाटले होते." मी तोंड उघडलं. मग त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्या नको म्हणत होत्या.

चौथा दिवस त्यांचा शेवटचा. सकाळी त्यांनी मुलांना ओळीने बसवलं आणि एकेकाला तोंडी गणित घातलं. गुरुजी टेबलापाशी हजेरीपटावर मान घालून बसले होते. मी खिचडीला झाकण ठेवून दारापर्यंत आले, हातात ओगराळं तसंच होतं.

"सतरा केळी, पाच मुलं," मॅडमनी चौथीतल्या मुलीला विचारलं.

"तीन तीन मिळतील. दोन उरतील."

पुढच्यालाही तसंच काहीतरी घातलं. त्यानेही बरोबर सांगितलं. सहा मुलं झाली, सहाही बरोबर. मॅडम गुरुजींकडे वळल्या. आवाज हळू होता, पण दारात ऐकू येत होता. "बघा. यांना येतं. शून्य कोणीच म्हणत नाही."

गुरुजींनी मान वर केली नाही.

"उरत न्हाईत," मी म्हणाले.

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी चौकट धरली.

"काय म्हणालात, मावशी?"

"केळी. उरत न्हाईत ती. एक बारक्याला द्यायचं. दुसरं जो आजारातून उठला त्याला. मग ऱ्हायलं काय?"

चौथीतली मुलगी म्हणाली, "खरंच हाय, मॅडम. मला ताप आलेला तवा मला दोन केळी मिळालेली."

"मला कधीच न्हाय मिळालं," मागून एक जण म्हणाला.

"तू बारका पण न्हाईस आन आजारी पण पडत न्हाईस. नुसता खातोस," ती मुलगी म्हणाली.

मुलं हसली. त्या हसण्यात मला जरा धीर आला. "ते शून्य माझं हाय," मी म्हणाले. "नऊच्या नऊ टॅबवर. गुरुजींनी नुसतं चालू करून बंद करा म्हणून सांगितलेलं. गणितं मी केली. तुम्ही इचारलं तवा मी खोटं बोलले."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "चुकलं म्हणून तो दाखवत होता ना?"

"दाखवायचा."

"मग?"

"मला पटलं न्हाय."

मॅडम हुशार. नुसत्या बोलण्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. मला मुलांच्या ओळीत बसवलं, हातात टॅब दिला आणि भागाकाराचा धडा उघडायला सांगितलं. मुलांनी माझ्याभोवती कोंडाळं केलं. मी दहा गणितं केली. कोणाला किती, ते दहाही बरोबर. पण पहिल्याच गणिताला, उरले किती, तिथे हात थांबला. आता बरोबर आकडा लिहिला तर माझी लाज राहील आणि गुरुजींचं नाव जाईल, असं मनात आलं. तशीही मला दुसरी सवय नव्हती. मी शून्य टाकलं. पुढेही शून्य. तिसऱ्या फुलीनंतर मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि तोंडावर हात धरून हसायला लागल्या. गुरुजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला बराच वेळ पुसत बसले.

तेवढ्यात वास आला. खिचडी खाली लागली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काकी, आज खिचडी नापास," मुलं म्हणाली, आणि तरी सगळी खाल्ली.

जेवणं झाल्यावर मॅडम आणि गुरुजी दोघंही स्वयंपाकघरात आले. गुरुजी पाटावर बसले. मी समजले आता रागावतील.

"वहिनी, करायचं तर एका टॅबवर करायचं. नऊच्या नऊवर कशाला?"

"नावं लिवलेली ना तुम्ही पाठीवर," मी म्हणाले. "एकालाच कसं वाढू?"

मॅडम म्हणाल्या, तालुक्याला कळवण्यासारखं आता काही नाही. त्या आकड्यांमधून सुट्टीचे दिवस काढून टाकतील, बाकी वर्षाचे आकडे राहतील. पण माझं मात्र काही धरता येणार नाही, कारण अभ्यास विद्यार्थ्यांचा आहे. मी म्हणाले, नकाच धरू. आणि त्या कागदाच्या नियमाचं काय, असं मी विचारलं, तर गुरुजी उठून गेले आणि कागदावर 'विद्यार्थ्यांशिवाय' या शब्दापुढे पेनाने 'व काकींशिवाय' असं लिहून आले.

मॅडमनी जायच्या आधी पाचवीच्या एका टॅबवर माझ्यासाठी वेगळा कप्पा उघडून दिला, म्हणजे माझं मुलांच्यात मिसळणार नाही. नाव विचारलं, ते टाकलं. इयत्ता विचारली. मी जरा विचार करून पाचवी म्हणाले. मग वय विचारलं. खरं टाकलं तर तो टॅब घेईना. दोन-तीनदा टाकून बघितलं. शेवटी मॅडमनी अकरा टाकलं तेव्हा घेतलं. आता तिथे मी अकरा वर्षांची आहे.

मॅडम गेल्या त्या दुपारी, एसटीपर्यंत मी त्यांची पिशवी धरून गेले. सुकट दिली, पण तीन पिशव्यांत गुंडाळून, नाहीतर गाडीतली माणसं उतरवून देतील. त्या म्हणाल्या, "मावशी, काल रात्री जेवताना तुम्ही काहीतरी सांगणार होतात ना?" मी म्हणाले व्हय. "मला वाटलं, तुम्हाला भाकरीच वाढायची आहे."

वर्षभराने त्यांचा अभ्यास छापून आला. जाड पुस्तक, गुरुजींच्या नावाने पोस्टाने आलं. ते इंग्रजीत होतं. मी ओट्यावर लसूण सोलत होते, तर गुरुजी ते घेऊन आले आणि पाटावर बसले. आमच्या शाळेचं कुठे आहे ते शोधायला त्यांना बराच वेळ लागला, कारण शाळेचं नाव कुठेच नव्हतं, गुरुजींचंही नव्हतं. एका ठिकाणी मात्र दोन ओळी होत्या. त्यांनी बोट ठेवून मला मराठीत सांगितल्या. एका शाळेतल्या सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी वगळल्या आहेत, कारण त्या विद्यार्थ्यांच्या नव्हत्या. त्याखाली, शाळेतली इतर माणसंही ही साधनं वापरत असतील का, हा प्रश्न आम्ही सुरुवातीला विचारायला हवा होता.

"इतर माणसं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्ही."

मी लसणीकडे बघत राहिले. पुन्हा एकदा वाचा, असं म्हणायची मला लाज वाटली. गुरुजींनी पान उलटलं, मग काय वाटलं कोण जाणे, परत मागे आले आणि त्या दोन ओळी सुरुवातीपासून सावकाश वाचल्या.